उतरलेल्या पट्टीतली गाणी

फुटलेला बँड पुन्हा एकत्र येतो तेव्हा बातमी होते ती दौऱ्याची. तिकिटं किती झपाट्यानं संपली, कोण कुणाशी किती वर्षं बोलत नव्हतं, मंचावर कुणी कुणाचा हात धरला. या बातम्या मीही आवडीनं वाचते. ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफमध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडमधले लियम आणि नोएल गॅलाघर हे भाऊ तब्बल सोळा वर्षांनी एका मंचावर आले, तेव्हाचे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले. पण ओएसिसनं त्या दौऱ्यात एकही नवं गाणं गायलं नाही, आणि माझा जीव नेमका तिथेच अडकतो. जुनी गाणी आपल्यापाशी आहेतच, ती कुठे जात नाहीत. एवढी वर्षं जगून झाल्यावर तुम्हांला आता काय गावंसं वाटतं, ते मला ऐकायचं असतं.

याला कारण आहे. मी गाते. तरुणपणी काळी चारच्या पट्टीत गायचे, पन्नाशीनंतर त्याहून खालच्या काळी तीनवर आले. वरचा पंचम पूर्वी सहज लागायचा, आता त्याच्यासाठी श्वासाची तयारी करावी लागते. त्याच्या बदल्यात खर्जात असं काही मिळालं आहे, जे आधी माझ्या गळ्यात नव्हतंच. त्यामुळे सत्तरीतल्या पॉप गायिकेचं नवं गाणं आलं, की शब्द आणि चाल यांच्या आधी माझा कान पट्टीकडे जातो. पट्टी प्रामाणिक आहे का? की जुन्या उंचीवर पोचण्यासाठी यंत्राची शिडी लावली आहे?

ॲबा या स्वीडिश बँडचा ‘व्हॉयेज’ हा अल्बम ५ नोव्हेंबर २०२१ला आला. त्याआधीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम १९८१चा. मधली चाळीस वर्षं जगानं त्यांना सतत परत बोलावलं. एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव नाकारल्याचं त्यांनी स्वतः २०००मध्ये सांगितलं होतं. नकार समजण्यासारखा होता. बँडमधल्या चौघांची, ब्यॉर्न-अग्नेथा आणि बेनी-फ्रिडा अशी दोन लग्नं होती आणि दोन्ही मोडली होती. घटस्फोटानंतरही ब्यॉर्न शब्द लिहीत होता, अग्नेथा ते गात होती. अशा जागी पुन्हा जाऊन उभं राहायला नुसते पैसे पुरत नाहीत.

मग २०१८च्या एप्रिलमध्ये बातमी आली की त्यांनी दोन नवी गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. त्यांच्या डिजिटल प्रतिमांचा कार्यक्रम व्हायचा होता, त्यासाठी ही दोन गाणी. पण दोनावर थांबवेना, आणि अल्बम झाला. काम झालं स्टॉकहोममधल्या एका बेटावर, बेनीच्या स्टुडिओत. जुन्या दिवसांतला ड्रमवादक ओला ब्रुंकर्ट २००८मध्ये गेला होता, बास वाजवणारा रुटगर गुनार्सन २०१५मध्ये. गिटारवर मात्र पूर्वीचाच लासे वेलांडर होता.

ॲबाचा जुना आवाज कसा घडायचा, हे ठाऊक असेल तर या अल्बमची गंमत जास्त कळते. सत्तरच्या दशकात अग्नेथा आणि फ्रिडा दोघी मिळून बऱ्याचदा गळ्याच्या अगदी वरच्या टोकाला गायच्या. फ्रिडाचा गळा मुळात खालचा, तरी तीही वर चढायची. त्या ताणातूनच ती सुप्रसिद्ध चकाकी यायची. ध्वनिमुद्रक मिखाएल ट्रेटो एकच ओळ दोनदा घ्यायचा आणि दुसऱ्यांदा टेपचा वेग किंचित बदलायचा. दोन मुद्रणांत केसाइतका फरक पडायचा, आणि त्या फरकातून आवाज जाड आणि झळाळता व्हायचा.

आता ‘व्हॉयेज’मधलं चौथं, पाचवं आणि सहावं गाणं लागोपाठ ऐका. चौथं ‘डोन्ट शट मी डाउन’. प्रमुख आवाज अग्नेथाचा, वय सत्तरीच्या आसपास. ज्याला सोडून गेली होती त्या माणसाच्या दाराशी परत आलेली बाई सांगते आहे, की मी आता पूर्वीची राहिलेली नाही. आवाज खाली आला आहे, शब्दाच्या शेवटी थोडी हवा मिसळते, आणि त्यामुळे त्या बाईचं म्हणणं पटतं. पाचवं गाणं ‘जस्ट अ नोशन’. इथे वाद्यं नवी आहेत, पण गळे १९७८चे! तेव्हा गाऊन बाजूला ठेवलेलं गाणं त्यांनी काढलं, दोघींचे आवाज तसेच ठेवले आणि खालची सगळी साथ नव्यानं वाजवली. लगेच सहाव्या गाण्यात पुन्हा आजची अग्नेथा.

हा धाडसी निर्णय आहे. कुठलाही सावध निर्माता म्हणाला असता, तरुण आवाज म्हाताऱ्या आवाजाशेजारी ठेवू नका, लोक तुलना करतील. मी केलीच तुलना, कान लावून केली. पाचव्या गाण्यात चपळाई आहे, उसळी आहे, वरच्या स्वरावर सहज जाऊन बसणं आहे. ऐकताना पाय थिरकतात. पण अर्थ ऐकू येतो तो चौथ्यात आणि सहाव्यात. अग्नेथा एकेका शब्दापाशी थांबते, त्याला वजन देते, मगच पुढे जाते. अठ्ठावीस वर्षांची असताना तिला ही गाणी अशी गाता आली नसती, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

या अल्बमला जुनाट म्हणणारे समीक्षकही होते. वाद्यमेळ जुन्या वळणाचा आहे, हे खरंच. नाताळचं ते गोड गाणं मीही पुढे ढकलते. पण गळ्यांच्या बाबतीत जुनाटपणाचा आरोप मला मुळीच मान्य नाही. २७ मे २०२२ला सुरू झालेल्या लंडनच्या कार्यक्रमात तरुण दिसण्याची हौस डिजिटल प्रतिमांनी भागवली. त्यासाठी चौघं सेन्सर लावलेले घट्ट पोशाख घालून पाच आठवडे कॅमेऱ्यांपुढे गायली, नाचली. तारुण्य तिकडे सोपवलं म्हणूनच कदाचित अल्बममध्ये त्यांना आपापल्या वयात राहता आलं.

दुसरं उदाहरण अगदी शांत स्वभावाचं. एव्हरीथिंग बट द गर्ल या बँडची ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट हे नवरा-बायको. २०२३चा ‘फ्यूज’ हा त्यांचा चोवीस वर्षांनंतरचा अल्बम. काम सुरू केलं तेव्हा त्यांनी फायलींवर बँडचं नावसुद्धा लिहिलं नाही. ट्रेसी आणि बेन मिळून ‘ट्रेन’ एवढंच लिहिलं, म्हणजे त्या मोठ्या नावाचं ओझं खांद्यावर नको. ट्रेसीचा आवाज पूर्वीही खालचाच होता, आता तो आणखी गडद झाला आहे. इलेक्ट्रॉनिक ठेका तिच्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडतो आणि ती त्या जागेत घाई न करता गाते. रात्री दिवे मालवून मी हा अल्बम ऐकते.

टिअर्स फॉर फिअर्स या बँडची वाट उलटी. रोलंड ओर्झाबाल आणि कर्ट स्मिथ यांना आजच्या यशस्वी गीतकारांबरोबर बसवून हिट गाणी घडवण्याचे प्रयत्न बराच काळ चालले. त्यातून समाधान होईना. शेवटी दोघं फक्त अकूस्टिक गिटार घेऊन समोरासमोर बसले, पोरवयात बसायचे तसे, आणि तिथून २०२२चा ‘द टिपिंग पॉइंट’ मार्गी लागला. मधल्या काळात, २०१७मध्ये, रोलंडची पत्नी गेली. शीर्षकगीत तिच्या आजारपणातून आलं आहे. पल्प या बँडच्या २०२५मधल्या ‘मोअर’ अल्बममागेही असंच एक जाणं आहे. त्यांचा बासवादक स्टीव्ह मॅकी २०२३मध्ये गेला, अल्बम त्यालाच अर्पण केला आहे.

माझी एक इच्छा मात्र उरली आहे. ‘व्हॉयेज’मधलं ‘बंबलबी’ फ्रिडा गाते. तिच्या आवाजाचा मधला पट्टा तिथे इतका ऊबदार लागला आहे, की गाणं संपल्यावर राग येतो, इतकंच का? तिचा शेवटचा एकल अल्बम १९९६चा, स्वीडिश भाषेतला. तिनं आणखी एक करावा. दहा गाण्यांचा नको, चार पुरे. पियानोवर बेनी असावा, आणि पट्टी तिला हवी तेवढी खाली.