गावाच्या नोंदवहीसाठी वनस्पतींची यादी करताना

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या सजीवांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंद, करायची असते. मावळातल्या आमच्या गावच्या नोंदवहीतली वनस्पतींची यादी माझ्याकडे आली.

जुन्या याद्या एकाच एक्सेल फाइलीत ओतल्या, तर खैर दोनदा. शास्त्रीय नाव एकीकडे अकेशिया कॅटेचू, दुसरीकडे सेनेगालिया कॅटेचू. झाड तेच. व्हिएन्नाच्या २००५ च्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटाला दिलं गेलं, २०११ साली मेलबर्नला ते कायम झालं. आपली बाभूळ व्हॅचेलिया या गटात गेली, खैर आणि शिकेकाई सेनेगालियात. हे जुळवलं नाही तर गावातल्या प्रजातींचा आकडा उगाच फुगतो.

म्हणून जुनी नावं खोडायची मात्र नाहीत, यावर मी ठाम आहे. मूळ यादीतलं नाव एका रकान्यात जसंच्या तसं, शेजारी आजचं ग्राह्य नाव, त्यापुढे ते कुठून आणि कधी घेतलं. मी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर नावं पडताळत गेलो. उद्या नाव पुन्हा बदललं तरी मूळ नोंद शाबूत राहते.

खरा वेळ खाल्ला तो कुड्यानं. यादीत नुसतं 'कुडा'. पांढरा, काळा की नागलकुडा? तिघांनाही पांढरा चीक, पांढरी फुलं, समोरासमोर पानं. गावातल्या एका जाणत्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "पानं काय बघतोस बाळा, शेंगा बघ." पांढऱ्या कुड्याच्या लांब, बारीक शेंगा जोडीनं लोंबतात आणि टोकं सुटी असतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना जुळलेली. नागलकुड्याची फळं आखूड, बाकदार, पिकली की नारिंगी. पांढऱ्याचं बी कडू इंद्रजव, काळ्याचं गोड इंद्रजव. आवेवर साल वापरतात ती पांढऱ्याची. ही माहिती भलत्याच झाडापुढे गेली तर नोंदवहीवर कोण विश्वास ठेवणार?

ज्या नोंदींना फोटो किंवा शेंगा होत्या, त्या वेगळ्या केल्या. बाकीच्या ओळींत स्थानिक नाव 'कुडा' तसंच ठेवलं, कूळ एपोसायनेसी लिहिलं आणि प्रजातीचा रकाना रिकामा सोडला. प्रजातींच्या बेरजेत त्या धरलेल्या नाहीत. शेंगा धरल्या की त्याच झाडांपाशी पुन्हा जायचं आहे.