वाचननोंद: ‘बूफ-ए-कूर’ आणि भिंतीत नसलेला झरोका

मागच्या नोंदीतली, प्रसंग दोन रकान्यांत मांडण्याची पद्धत, डावीकडे ‘घडले’ आणि उजवीकडे ‘भासले’, इराणी लेखक सादेक हेदायत यांच्या ‘बूफ-ए-कूर’ (‘आंधळे घुबड’) या फारसी कादंबरीपुढे टिकली नाही. झरोक्यापाशीच तक्ता अडला.

निवेदक कलमदानांवर चित्रे रंगवतो, आणि चित्र नेहमी एकच असते: सरूच्या झाडाखाली पोक आलेला म्हातारा, त्याला कमळ देण्यासाठी वाकलेली काळ्या वस्त्रांतली तरुणी आणि दोघांमध्ये ओहोळ. कोठीतल्या झरोक्यातून त्याला एकदा हेच दृश्य प्रत्यक्ष दिसते. पुन्हा पाहायला जातो, तर भिंतीत झरोकाच नसतो. तो उजवीकडे टाकून मी पुढे गेलो, तर तीच तरुणी त्याच्या दारात येते, त्याच्या बिछान्यावर मरते आणि तिला पुरायला नेल्यावर जमिनीतून एक प्राचीन रांजण निघतो, ज्यावर निवेदकाने आदल्या रात्री रेखाटलेलेच डोळे रंगवलेले असतात. हा रांजण कोणत्याच रकान्यात बसत नाही. वाचन इथे बरेच दिवस रखडले आणि मनस्वी चीड आली, कारण लेखक हातात पुरावा ठेवतो आणि त्याच हाताने तो निरुपयोगी करतो.

वाट सापडली ती प्रसंग सोडून वस्तूंचा माग काढू लागल्यावर. पहिल्या भागात निवेदक त्या तरुणीच्या ओठांत जुन्या मद्याचे थेंब सोडतो. ती बाटली कुठून आली, हे दुसऱ्या भागात कळते. नागाचे विष मिसळलेले ते मद्य त्याच्या आईने, बूगाम दासी या भारतीय देवळातल्या नर्तकीने, निरोप घेताना ठेवलेले असते. वस्तूचा वापर आधी आणि उगम नंतर! ही जोडी जुळली, तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. हेदायत यांनी या कादंबरीच्या पहिल्या मोजक्या प्रती मुंबईत असतानाच काढल्या होत्या, म्हणून नाग, कमळ आणि नर्तकी या भारतीय खुणांच्या पानांना मी वेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत.

अशा वाचनाला छापील प्रतच हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. ई-रीडर शब्द शोधून देतो. परंतु एकच वस्तू किती पानांनी परतते, ते कडेला चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांवरूनच एका नजरेत दिसते.

पुढे म्हाताऱ्याच्या, अंगावर काटा आणणाऱ्या हास्याचा माग काढायचा होता. मात्र बाटलीबद्दल लिहीत असतानाच असे वाटू लागले की दुसरा भाग आधी वाचून मग पहिल्याकडे यावे. आता तसेच करणार आहे. कोणी या उलट्या क्रमाने वाचले असेल, तर रांजणाबद्दलची टिपणे अवश्य कळवावीत.