मुरमावरून काळ्या रानात: नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातून ग्रॅव्हल सायकल

नाशिकला सायकल घेऊन येणारे बहुतेक जण गंगापूर रोडने निघतात, वाईनरीपाशी फोटो काढतात आणि त्याच डांबरी रस्त्याने माघारी येतात. बागा मात्र डांबर सोडल्यावर भेटतात, शिवाररस्त्यांवर आणि कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेवर. खडी-मातीच्या वाटांसाठीची, जाड टायरची ग्रॅव्हल सायकल असेल तर त्या वाटांसारखं सुख नाही. जानेवारीतल्या गार हवेत आम्ही गंगापूर धरणाच्या पाणलोटापासून गोदावरीच्या काठाकाठाने नांदूर मध्यमेश्वरपर्यंत गेलो. त्याचा हा वृत्तांत, आणि मागून येणाऱ्यांच्या उपयोगाचं जे जे आठवतंय ते.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इथे मार्ग ठरवायचा तो माती बघून. शहराच्या पश्चिमेला मुरमाड, निचऱ्याची, उताराची जमीन आहे. पूर्वेला निफाड तालुक्यात काळी, खोल, सपाट जमीन. मोबाइलच्या नकाशावर दोन्हीकडची वाट सारखीच बारीक रेघ दिसते, पण पाऊस पडून गेल्यावर मुरमावर दुसऱ्या दिवशी सायकल चालते आणि काळ्या रानात आठवडाभर चालत नाही. काळी माती टायरला चिकटते, टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) यांच्यातल्या फटीत गच्च बसते, चाक फिरायचं थांबतं. तसंच रेटलं तर डिरेलरचा, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हँगर वाकतो. म्हणून अवकाळी पाऊस झाला असेल तर पश्चिमेलाच फिरा आणि निफाडकडचा भाग डांबरावरून उरका.

पहिला टप्पा पश्चिमेचा. सोमेश्वरवरून गंगापूर गाव, तिथून सावरगाव-गंगावऱ्हेच्या दिशेने. सुला ही वाईनरी १९९९ साली इथेच सुरू झाली आणि या टेकड्यांना वाईनचा पट्टा म्हणून ओळख मिळाली. वाईनच्या द्राक्षाला फार सुपीक जमीन मानवत नाही. हलक्या जमिनीत वेल बेताने वाढतो, घड लहान राहतात आणि मण्यांत गोडी, आंबटपणा नि चव एकवटते. म्हणून या बागा उतारांवर आहेत. तारांवर उभ्या बांधलेल्या वेलींच्या सरळ ओळी दिसल्या की वाईनची बाग समजावी. खाण्याच्या द्राक्षांना डोक्यावर मांडव असतो, नाहीतर वाय आकाराचा सांगाडा. पूर्वेकडे गेल्यावर हा फरक सायकलवरूनच लक्षात येतो.

मुरमाचे चढ लांब नाहीत, पण सुटे आहेत. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक गरगरतं. बसून, हलक्या गिअरवर, एका लयीत चढायचं. आमचे टायर ४० मिलिमीटरचे होते आणि हवा ३५ पीएसआयच्या आसपास. यापेक्षा बारीक टायर या भागात आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. टायर ट्यूबलेस आणि आत ताजं सीलंट (बारीक छिद्रं आपोआप बुजवणारा द्रव) हवंच. बांधाबांधावर बाभळी आहेत, आणि बागांच्या कडेला मांडवाच्या तारेचे तुकडे पडलेले असतात. बाभळीचा काटा सीलंट झेलतं, तार झेलत नाही, म्हणून एक ट्यूब जवळ ठेवावी.

गंगावऱ्ह्याजवळ गंगापूर धरणाचं पाणी समोर पसरतं आणि त्यामागे त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर. ब्रह्मगिरी तिकडेच, गोदावरीचा उगम तिथला. हिवाळा सरत आला की पाणी मागे हटतं आणि काठाला मोकळी जमीन उघडी पडते. सायकल घालायचा मोह होईल अशीच ती दिसते. घालू नका. वरून वाळलेला गाळ आतून ओला असतो, चाक रुतलं की पायही रुततो. गुरांची मळलेली वाट असेल तेवढीच धरावी. धरणाच्या भिंतीवर जायला बंदी आहे. शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं, तेव्हा त्या बंदीचं मला काही वाटत नाही.

तिथून दुगावमार्गे गिरणारे. मोसमात इथे टोमॅटोचा मोठा बाजार भरतो, आणि सकाळी पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेले मजूर कामाच्या शोधात चौकात थांबलेले असतात. द्राक्षाची छाटणी, विरळणी, तोडणी या माणसांच्या हातांवर चालते. चौकात चहा घ्यायला थांबा, पण त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका. लोक तिथे रोजगार मिळवायला उभे असतात.

परतताना मखमलाबादच्या बाजूला गंगापूरच्या डाव्या कालव्याची वाट धरली. या सगळ्या प्रवासातली माझी सर्वांत आवडती सायकलफेरी इथे झाली. कालव्याला पाणी आपोआप पुढे न्यायचं असतं, म्हणून तो टेकडीच्या अंगाने, जवळजवळ सपाटीवरून वळत वळत जातो. शेजारच्या वाटेलाही तोच नाममात्र उतार मिळतो. दिवसभर मुरमाचे चढ झाल्यावर पायांना यापेक्षा मोठा आराम नाही. मात्र आवर्तन सुरू असेल, म्हणजे शेतीला पाणी सोडलेलं असेल, तर झिरपून वाट ओली होते आणि पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारे, दारं उघडायला मोटारसायकलवरून फिरत असतात. त्यांना वाट द्या. वाट पाटबंधारे खात्याची आहे. कोणी उतरा म्हटलं तर उतरून पुढच्या पुलावरून गावात शिरावं, हुज्जत घालू नये. कालव्याचं अस्तर उताराचं आणि शेवाळलेलं असतं, आत पडलेल्या माणसाला वर येणं अवघड जातं. त्यामुळे काठाला चिकटून चालवू नका, आणि अंधार पडायच्या आत कालवा सोडा.

दुसरा टप्पा पूर्वेचा. ओढा गावाच्या बाजूने चांदोरी, पूल ओलांडून सायखेडा, आणि पुढे शिंगवे, करंजगाव, चापडगाव ही नदीकाठची गावं. सोयीप्रमाणे वळणं घेत गेलं तर नाशिकपासून नांदूर मध्यमेश्वर साठेक किलोमीटर पडतं. चढ जवळपास नाहीच. वेळ खातात त्या बागा.

जानेवारीत निफाडची थंडी बागायतदाराच्या जिवावर येते. पहाटे पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, तयार मण्यांना तडे जातात. म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवून धूर करतात. दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की पांढऱ्या वाणाच्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. त्यासाठी एकेका घडाला कागद गुंडाळतात. मांडवाखाली ओळीने कागदात बांधलेले घड बघितल्यावर दुकानातल्या द्राक्षाच्या भावाची घासाघीस मला तरी करवणार नाही.

करंजगावच्या अलीकडे एका बागेच्या कडेने जाताना ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरची फवारणी चालू होती. बागायतदार हात वर करून म्हणाले, "भाऊ, औषध चालूय, जरा थांबा तिकडंच." आम्ही थांबलो. फवारणी संपल्यावर त्यांनीच बांधावरून वाट दाखवली. हे सगळ्यांनी पाळावं. फवारणी दिसली की वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) काड्यांवरचे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना जे रसायन लावतात ते अंगाला लागू देऊ नये, तेव्हा त्या दिवसांत बागेत शिरूच नका. छाटलेल्या काड्या वाटेवर पसरलेल्या असतात, त्या चाकाच्या आऱ्यांत अडकतात. आणि घड तोडून खाऊ नका. फुकटेपणा तर तो आहेच, शिवाय शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले हे मालकालाच ठाऊक असतं. विचारलंत तर बहुतेक जण खायची द्राक्षं स्वतः आणून हातावर ठेवतात.

चांदोरी-सायखेड्याला गोदावरी संथ आणि रुंद आहे. पुलाला अडकलेल्या पाणवेली दिसतात. पावसाळ्यात हीच गावं पुरात सापडतात, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी घराघरांत शिरलं होतं. जुलै ते सप्टेंबर हा मार्ग मनातून काढून टाका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिलमध्ये खरड छाटणी (वेल जवळजवळ पूर्ण छाटण्याची) असते, तेव्हा बागा बोडक्या आणि ऊन कडक.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. २०२० मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आम्हाला चक्रवाक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी आणि चमचे मनसोक्त दिसले. पाण्यावरून अगदी कमी उंचीवर उडत जाणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यासाठी तर दुर्बीण न्यावीच. सकाळी लवकर पोचायचं असेल तर आदल्या रात्री जवळच मुक्काम करा, नाशिकहून पहाटे निघून ते जमत नाही. सायकल बाहेर लावून पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे चालत जावं. आणि चाक मोकळं सोडलं की कटकट आवाज करणारे हब इथे पेडल हलतं ठेवून गप्प करावेत, पक्षी उठतात.

पहाटे निघून जमत नाही याचं दुसरं कारण बिबट्या. गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत आणि ऊसतोड सुरू झाली की ते हलतात. उजाडण्याआधी आणि तिन्हीसांजेनंतर उसाच्या मधल्या वाटेवर एकट्याने जाऊ नये. गावकरी "आता जाऊ नका" म्हणाले तर त्यांचं ऐका.

सायकल रेल्वेने आणणार असाल तर पार्सल ऑफिसमध्ये आधी चौकशी करून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) नोंदवा. चाकं काढून बॅगेत भरली तर त्रास कमी होतो. नाशिक रोड स्टेशनवर उतरलात तर पूर्वेचा टप्पा आधी घेणं सोयीचं. परतीला निफाडहून मुख्य रस्त्याने नाशिक गाठायचा विचार करू नका, कांद्याचे ट्रॅक्टर आणि अवजड गाड्या सतत चालू असतात. निफाडला स्टेशन आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक घरूनच बघून निघा. गाडी चुकली तर कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा अशी रेल्वेच्या कडेकडेची गावं जोडत छोट्या रस्त्यांनी नाशिक रोडला येता येतं. हे अंतर उजेडात संपेल इतकी सवड हाताशी ठेवा.