परदेशातल्या घरच्यांसाठी राउटर निवडताना

घरचे एका देशात आणि राउटर निवडणारा दुसऱ्या देशात असेल, तर खोक्यावरचा वेगाचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी त्या घरात इंटरनेट कशातून येतं ते समजून घ्या. त्यासाठी तीन फोटो मागवा: भिंतीतून येणारी तार, कंपनीने बसवलेल्या डब्याची मागची बाजू आणि डब्याखालचं लेबल.

स्क्रूने आवळलेली गोल, जाड केबल असेल तर केबल मोडेम लागतो. टेलिफोनची बारीक वायर असेल तर डीएसएल मोडेम, आणि फायबर असेल तर ओएनटी, म्हणजे प्रकाशाचा सिग्नल नेटवर्क केबलवर आणणारा डबा. साध्या राउटरमध्ये यांपैकी काहीही नसतं, त्याला इंटरनेट आत घ्यायला फक्त इथरनेटचं (नेटवर्क केबलचं) वॅन पोर्ट असतं. म्हणून बहुतेक घरांत कंपनीचा डबा तसाच राहतो आणि आपला राउटर त्याच्या मागे लागतो. त्या डब्यातही राउटर असेल तर त्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे त्यातला राउटर बंद होऊन तो नुसता मोडेम राहतो. नाहीतर एकामागे एक दोन राउटर उपकरणांचे नेटवर्क पत्ते बदलत बसतात आणि ऑनलाइन गेम, बाहेरून पाहायचे कॅमेरे, व्हीपीएन (इंटरनेटवरची खाजगी सुरक्षित जोडणी) अडतात. ब्रिज मोड मिळतच नसेल तर आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावून डब्याचं वायफाय बंद करावं. कंपनीला आणखी दोन गोष्टी विचारा: जोडणीला पीपीपीओईचं (राउटरने कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड लागतं का, आणि व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरच्या सेवा वेगळ्या ओळखायचा आकडा) द्यावा लागतो का. व्हीलॅन लागत असेल आणि राउटरमध्ये ती सोय नसेल, तर सगळे दिवे हिरवे दिसूनही इंटरनेट येत नाही.

राउटर शक्यतो घरचे राहतात त्याच देशात विकत घ्यावा, इकडून पाठवू नये. अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर विजेची अडचण नाही, फक्त पिनेचा आकार बदलावा लागतो. केवळ १२० व्होल्टचा अडॅप्टर २३० व्होल्टवर लावला तर मात्र तो जळेल. खरी अडचण रेडिओच्या नियमांची आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर अमेरिकेत १ ते ११ क्रमांकांचे चॅनल वापरतात, युरोपात १ ते १३. युरोपातला राउटर स्वतःहून १३ वर गेला, तर अमेरिकेत घेतलेल्या कित्येक उपकरणांना ते नेटवर्क दिसतच नाही. म्हणून तिथे १, ६ किंवा ११ हाताने ठरवून द्यावं. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तर आणखी वेगवेगळा आहे: अमेरिकेत ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ, युरोपीय संघात ५९४५ ते ६४२५, आणि चीनमध्ये वायफायला तो दिलेलाच नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या राउटरमध्ये बहुधा देश बदलायची सोयही नसते. शिवाय बिघडला तर वॉरंटीसाठी परत पाठवणार कुठे?

आता वेग. वायफाय ६ च्या ‘एएक्स३०००’ राउटरवरचा आकडा म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ मेगाबिट यांची बेरीज. एकच फोन एका वेळी दोन्ही सहसा वापरत नाही. २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल लागतं आणि बरेच फोन ८० वरच थांबतात, म्हणजे कागदावर १२०१. त्याच खोलीत प्रत्यक्षात ६०० ते ८०० मिळाले तर उत्तम समजा. इंटरनेट ५०० मेगाबिटपर्यंत असेल तर याहून मोठ्या राउटरवर पैसे घालू नयेत. पोर्ट मात्र गिगाबिटचीच हवीत. १०० मेगाबिटचं वॅन पोर्ट असलेले राउटर अजून विकले जातात आणि ते अख्ख्या घराला १०० खाली बांधून ठेवतात.

१६० मेगाहर्ट्झचा दुसरा त्रास असा, की ५ गिगाहर्ट्झवर एवढं रुंद चॅनल बहुतेक वेळा रडारच्या हद्दीत शिरतं. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. युरोपात हवामान रडारच्या चॅनलसाठी हा वेळ दहा मिनिटांचा आहे. विमानतळाजवळच्या घरात ‘वायफाय मधूनच गायब होतं’ अशी तक्रार असेल तर ८० मेगाहर्ट्झ आणि चॅनल ३६ ते ४८ ठेवून बघा.

घरच्यांना सगळ्यात जास्त लागतो तो व्हिडिओ कॉल. एचडी कॉलला दोन्ही बाजूंनी ३–४ मेगाबिट पुरतात, तरीही आवाज तुटतो, कारण त्याच वेळी कुणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतात. अपलोड भरला की कॉलच्या डेटाचे तुकडे (पॅकेट) रांगेत अडकतात. अपलोड चालू नसताना आणि चालू असताना पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायचा वेळ, मोजा. २० मिलिसेकंदांचे ३०० झाले तर दोष या रांगेचा. त्यावर एसक्यूएमची, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवायची, सोय असलेला राउटर हाच खरा उपाय. त्यात मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा घालावी. हे काम प्रोसेसरवर पडतं, स्वस्त राउटर त्यात दमतो आणि वेग उतरतो, पण कॉल सुधारतो. माझ्या मते हा सौदा डोळे झाकून करावा. अंतराचा उशीर मात्र कुठलाच राउटर कमी करत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०,००० किलोमीटरच्या जाण्यायेण्याला १०० मिलिसेकंद लागणारच.

घर मोठं किंवा भिंती काँक्रीटच्या असतील तर मेश, म्हणजे एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन जोडलेले डबे, घ्या, पण दुसरा डबा सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका. तो अर्ध्या वाटेवर, जिथे अजून उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका जोरदार) आसपास सिग्नल आहे तिथे हवा. दोन डब्यांमध्ये इथरनेट केबल टाकता आली तर त्याहून चांगलं काही नाही.

दुरून दुरुस्ती करता येईल असाच राउटर निवडा. सेटिंगचं पान इंटरनेटला उघडं ठेवू नका. निर्मात्याचं अॅप दोन टप्प्यांच्या लॉगिनसह वापरा किंवा वायरगार्ड हा व्हीपीएन राउटरवर लावा. वायरगार्डआधी राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे कंपनीकडून त्याला मिळालेला आयपी पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेकांना वाटला आहे आणि बाहेरून थेट आत शिरता येणार नाही. मग अॅप, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) किंवा कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता, असे मार्ग उरतात.

नव्या राउटरला जुनंच वायफाय नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे टीव्ही-प्रिंटर पुन्हा जोडत बसावं लागत नाही. सुरक्षेत डब्ल्यूपीए (वायफायच्या पासवर्डची सुरक्षापद्धत) २ आणि ३ चा मिश्र पर्याय ठेवा, नुसत्या ३ वर जुना प्रिंटर तुटतो. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) आपोआप अपडेट चालू करा. आणि डब्यावर एक चिठ्ठी चिकटवायला सांगा: मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करा, आधी मोडेम चालू करा, तीन मिनिटं थांबा, मग राउटर. उलट क्रमाने केलं तर राउटरला पत्ता मिळायच्या आतच तो वाट पाहणं सोडू शकतो.