माल्कमच्या टेकडीवर

हेदर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरांवर माजणारं जांभळ्या फुलांचं झुडूप, लांबून बघू नये, असं माझं मत आहे. लांबून त्याचं चित्र होतं: जांभळा डोंगर, वर करडे ढग, कोपऱ्यात एखादी मेंढी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर हेच छापून छापून त्यातली गंमत गेली आहे. हेदर बघायचं तर त्यात उतरावं आणि खुशाल फतकल मारून बसावं. मग लक्षात येतं, की डोंगर एका रंगाचा नाहीच. कोरड्या, खडकाळ उतारावर गडद किरमिजी दिसतं ते बेल हेदर; ते जुलैतच फुलायला लागतं. जिथे बूट पचक्कन आत जातो, तिथे शेंड्यावर फिकट गुलाबी झुबके घेऊन उभं असतं ते क्रॉस-लीव्ह्ड हीथ. आणि ऑगस्ट लागला की या दोघांना मागे सारून सगळा डोंगर आपल्या नावावर करून घेतं ते साधं हेदर. त्याचं एकेक फूल तीन-चार मिलिमीटरचं. सुटं फूल कोणी उचलून बघणार नाही. पण एका काटकीवर ती दाटीवाटीने बसतात, आणि अशा काटक्यांची गणतीच नाही.

हे सगळं आम्ही बघितलं ते लँगहोम गावाच्या डोक्यावरच्या व्हिटा हिलवर. इंग्लंडमधल्या कार्लाइलहून बस निघते, स्कॉटलंडची सरहद्द ओलांडते आणि थोड्याच वेळात तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या या लहानशा गावात सोडते. टेकडी म्हणावी तर फार उंच नाही, 355 मीटर. तीन हजार फुटांवरचे 282 डोंगर यादीत खुणा करत सर करणाऱ्या इथल्या अट्टल गिर्यारोहकांच्या लेखी ती मोजण्यातही नाही. मला मात्र ती हवी होती, आणि तीही हेदरसाठी नव्हे. मला तिथे नेलं सर जॉन माल्कमने.

‘अगं, महाबळेश्वरला इतक्यांदा गेलीस, तिथे कधी माल्कमची चौकशी केली नाहीस,’ नवरा चढावर धापा टाकत म्हणाला. त्याचं बरोबर होतं. महाबळेश्वरच्या ज्या बाजारात आपण चणे आणि स्ट्रॉबेरी घेतो, त्याचं जुनं नाव माल्कम पेठ. हा माणूस 1827 ते 1830 मुंबईचा गव्हर्नर होता. 1829 मध्ये त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं. त्याच्याही आधी, जून 1818 मध्ये, दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमपुढे. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन आणि बिठूरचा मुक्काम ठरवून दिला तो यानेच. इतकी मोठी रक्कम कबूल केली म्हणून त्याच्या वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ते वेगळं.

तर या माल्कमचा जन्म 1769 मधला, इथून जवळच्या बर्नफुट नावाच्या शेतावरचा. सतरा भावंडांतला एक. घरची ओढाताण. त्यामुळे मिसरूड फुटायच्या आत पोराला ईस्ट इंडिया कंपनीत चिकटवायला लंडनला नेलं. हैदर अली समोर आला तर काय करशील, असं साहेबांनी विचारल्यावर पोराने तलवार उपसून त्याचं मुंडकं उडवीन असं उत्तर दिलं, आणि नोकरी पक्की झाली, अशी गोष्ट सांगतात. आता टेकडीच्या माथ्यावर त्याच्या स्मरणार्थ उभारलेला 1835 चा दगडी स्तंभ आहे, सुमारे शंभर फुटी. गावात कुठेही उभे राहा, तो मान वर करून बघतच असतो. मुंबईत एशियाटिकच्या टाउन हॉलात त्याचा संगमरवरी पुतळाही आहे, पण त्याला असं वारं लागत नाही.

वारं म्हणजे काय ते वर पोचल्यावर कळलं. स्तंभाला पाठ लावून उभं राहावं तर ते चारही बाजूंनी येतं. दक्षिणेला सॉल्वेची खाडी चकाकत होती आणि तिच्यापलीकडे इंग्लंडमधले लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर निळसर दिसत होते. पाच मिनिटांत ढग आले आणि खाडी गेली, डोंगर गेले, शेजारचा नवराही अर्धा गेला. मला एकदम महाबळेश्वरचा पाऊस आठवला. अशा ओल्या, धुकट, वाऱ्याने झोडपलेल्या जागी लहानाचा मोठा झालेला माणूस उमेदीची वर्षं उन्हात भाजून घेतल्यावर साडेचार हजार फुटांवरच्या सह्याद्रीच्या माथ्यावर पोचला, तेव्हा आजारी शिपायांना इथेच आणायचं हे त्याला कोणी सांगावं लागलं नसणार. हा आपला माझा तर्क. कागदोपत्री पुरावा काही नाही.

ढग सरकल्यावर आम्ही टेकडीच्या मागच्या अंगाला, न्यूकॅसलटनच्या रस्त्याकडे उतरलो. खरं माळरान तिथून सुरू होतं. पायवाट सोडली की हेदर पायाला सोडत नाही. बुंधे लाकडासारखे चिवट, गुडघ्याला खरचटवणारे; प्रत्येक पावलाला परागांचा फुफाटा उडतो आणि बूट राखाडी होतात. वास मधाचा येतो, त्यात थोडी ओल्या मातीची झाक. आणि मधमाश्या! ऑगस्टमध्ये पाळणारे लोक पेट्या गाडीत घालून मुद्दाम माळावर आणून ठेवतात. हा मध मोठा हट्टी. पोळ्यातून यंत्राने फिरवून निघत नाही, दाबून पिळून काढावा लागतो. बाटलीत तो जेलीसारखा बसून राहतो, चमच्याने ढवळलं की पातळ होतो, आणि पुन्हा सोडून दिलं की परत घट्ट.

एवढं बघून कोणालाही वाटेल की निसर्गाने हात सैल सोडला आहे. तसं नाही. इथे पूर्वी झाडी होती. ती माणसाने तोडली, मग मेंढ्या आणि आगी यांनी परत उगवू दिली नाही, म्हणून हेदर आहे. ग्राउझ नावाचा तांबूस, कोंबडीएवढा पक्षी हेदरचे कोवळे शेंडे खातो आणि जुन्या, उंच हेदरमध्ये लपतो. या पक्ष्याची शिकार 12 ऑगस्टला सुरू होते, आणि ती बंदूकवाल्या पाहुण्यांना विकण्यावर कित्येक जमीनदारांचा हिशोब चालत आला. मग कोवळं आणि जुनं दोन्ही हवं म्हणून माळ पट्ट्यापट्ट्यांनी जाळायचा. आपल्याकडे वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो. इथे तो वेळापत्रकात असतो. मेंढ्या मात्र प्रमाणाबाहेर झाल्या तर हेदर हरतं आणि गवत जिंकतं. 1948 ते 1988 या काळात लँगहोमच्या माळावरचं जवळजवळ निम्मं हेदर असंच गेलं.

याच माळावर 1992 ते 1997 एक अभ्यास झाला. हेन हॅरियर, म्हणजे आपल्या भोवत्यांच्या घराण्यातला शिकारी पक्षी, हेदरमध्ये जमिनीवर घरटं करतो आणि ग्राउझची पिल्लं उचलतो. त्यामुळे शिकारीच्या माळांवर त्याला गुपचूप मारण्याची रीत होती. इथे त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. त्याची संख्या वाढली, ग्राउझ घटले, आणि शिकारीचा धंदा तोट्यात जाऊन बंद पडला. भांडण दोन पक्ष्यांचं नव्हतं हे उघड आहे, पण त्यात बदनाम झाला तो हॅरियर.

पुढची गोष्ट मला त्या टेकडीपेक्षाही आवडली. जमीनदाराने माळ विकायला काढला तेव्हा या जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाने तो विकत घ्यायचं ठरवलं. देणग्या, अनुदानं, जगभरातून आलेली लोकवर्गणी असं करत 2021 मध्ये पाच हजारांवर एकर घेतले आणि 2022 मध्ये तेवढेच आणखी. आता ते टॅरस व्हॅली निसर्ग राखीव क्षेत्र आहे. गावाची ही खोड जुनी दिसते. सामायिक माळावर कोणाचा हक्क, यावर इथल्या लोकांनी कोर्टात जाऊन 1759 मध्ये निकाल मिळवला. त्या हद्दी अजून शाबूत आहेत ना, हे बघायला दरवर्षी जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी सगळं गाव लोटतं आणि घोडेस्वार दौडत टेकडी चढतात. जिथे लोक पीटसाठी, म्हणजे वाळवून सरपणासारखी जाळतात त्या मातीसाठीही निकाल घेऊन ठेवतात, त्या गावच्या पोराने आमच्याकडे येऊन अख्खी पेशवाई आठ लाखांवर मिटवली! माथ्यावरच्या त्या स्तंभाकडे बघून एवढं म्हणायचा हक्क मी बजावून घेतला.

आमच्यासारख्या परक्यांचा तिथे काय हक्क, तर चालण्याचा. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कुणाच्याही माळावरून, डोंगरावरून पायी जाता येतं. नासधूस करायची नाही, फाटक उघडलं तर लावायचं, कुत्रं आवरायचं. तिकीट नाही, शिट्टी वाजवणारा रखवालदार नाही. कोली कुत्रा घेऊन वर आलेल्या एका आजोबांना मी भीत भीत विचारलं, हेदरमध्ये बसलं तर चालेल का? ते म्हणाले, बस की, पण पँट मोज्यात खोच. गोचिडं फार आहेत.

बसलो. गोचिडं खरंच होती. मधून मधून एखादा ग्राउझ पायाशी फडफडून उठायचा आणि ‘गो बॅक, गो बॅक’ असं ओरडत जमिनीलगत निघून जायचा. ते इंग्रजी मला एकटीलाच ऐकू आलं असं नाही, इथे सगळ्यांनाच तसं ऐकू येतं. नवऱ्याने ते मनावर घेतलं आणि बसची वेळ बघायला लागला.

उतरताना गावात येणारी चढाची गल्ली लागली, कर्क वाइंड. जुलैत घोडे भरधाव चढतात ते हिच्यातून. त्या दिवशी गावातली पोरं हेदरच्या काटक्यांचे झाडू खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चालतात आणि प्रत्येकाला एकेक नाणं मिळतं. ते ऐकल्यापासून मी पुढच्या वेळी जुलैत यायचं म्हणते आहे. नवऱ्याचं म्हणणं, जुलैत डोंगर जांभळा नसतो, मग एवढ्या लांब यायचं कशाला? बेल हेदर असतं, मी म्हटलं. शिवाय घोडे. तो म्हणाला, घोडे महाबळेश्वरलाही आहेत.