ॲल्युमिनियमचं पातेलं सापडेना

मामाचं सांगलीत भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीत फराळाला बसलो असताना "दिवसभर लोकांच्या वेबसाइटी करतेस, आमची एक कर की" असं म्हणाला, आणि मीही लाडू तोंडात असल्यामुळे हो म्हणून बसले.

माल २१२ नगांचा. त्यासाठी रिॲक्टसारखी अवजड चौकट नको, डेटाबेस नको. साधी एचटीएमएल पानं, सगळा माल एका जेसन फाइलीत, म्हणजे साध्या मजकुरातल्या यादीत, आणि शोधासाठी हाताने लिहिलेली चाळीसेक ओळींची जावास्क्रिप्ट. ऑफिसात मी जे करते त्याच्या निम्म्यानेही काम नाही, पण स्वस्त फोनवर पान चटकन उघडतं. पुढे पाच वर्षांनी कुणाला हात घालायचा झाला तर त्यालाही ते कळेल.

पहिली तक्रार मामाचीच. फोनवर पान बघून म्हणाला, "अगं, हा कलश आपला नाही. हिंदीवाल्यांचा आहे." मला वाटलं फोटो चुकला. फोटो बरोबर होता, अक्षरं चुकली होती. 'ल' आणि 'श' दोन्ही हिंदी वळणाचे. शाळेत आपण गिरवतो तो पाकळीचा ल आणि देठाचा श नव्हता. आयुष्यभर दुकानाच्या पाट्या रंगवून घेतलेल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं. मी मात्र ते पान महिनाभर रोज बघत होते.

फाँटात दोन्ही वळणं होती. कुठलं दाखवायचं हे पानाच्या अगदी सुरुवातीला, लँग या ॲट्रिब्यूटवर, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेवर, ठरतं. जुन्या कामातला साचा उचलताना तिथे हिंदीचा 'एचआय' तसाच राहिला होता. तो काढून मराठीचा 'एमआर' टाकला आणि कलश मराठी झाला. अर्थात फाँट बनवणाऱ्याने दोन्ही रूपं आत ठेवली असतील तरच ही जादू चालते. काही जण त्यापेक्षा सरळ वाट धरतात. टायरो देवनागरी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फाँटांतच मिळतो, आणि तोही मुक्त परवान्यावर.

जाता जाता, मथळ्याला ऐट यावी म्हणून दिलेलं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, तेही काढलं. इंग्रजीत ते झकास दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दोरीवरून सुटलेल्या कपड्यांसारखा दिसतो.

खरी मजा शोधाची. एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "वेबसाइटवर ॲल्युमिनियम टाकलं तर काहीच येत नाही." मी माझ्या लॅपटॉपवर टाकलं, सतरा पातेली आली. मामाच्या फोनवर टाकलं, शून्य.

ब्राउझरचा कन्सोल उघडून दोन्हीकडच्या शब्दांची लांबी मोजली. एक ११, दुसरा १२. जेसनमध्ये एका ठिकाणी तर तिसराच, १३! डोळ्यांना तिन्ही हुबेहूब सारखे. प्रत्येक शब्द उलगडून एकेक कॅरेक्टर छापलं तेव्हा भानगड दिसली. 'ॲ' हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक वापरतो त्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, आलंच मुळी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' लिहून वर अर्धचंद्र चढवायचे. काही जण दोघांच्या मध्ये झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरेक्टर घालायचे. ती सवय कीबोर्डांत, जुन्या मजकुरात आणि कॉपी-पेस्टमध्ये आजही जिवंत आहे. शिवाय हिंदी कीबोर्डवरून येणारा 'ऍ' वेगळाच.

यावर पुस्तकी उपाय म्हणजे नॉर्मलाइज, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं. जावास्क्रिप्टमध्ये तो आयता मिळतो, म्हणून मी आनंदाने वापरला, आणि काही फरक पडला नाही. युनिकोडच्या लेखी सबंध 'ॲ' आणि जोडून केलेला 'ॲ' ही सारखी मानायची रूपं नाहीतच. म्हणजे बदलाबदली स्वतःच लिहायची.

मग मी आगाऊपणा केला. म्हटलं, न दिसणारा तो जॉइनर हवाय कशाला? सगळ्या जेसनमधून पुसून टाकला आणि निजायला गेले. सकाळी मामाचा फोन, "आपण सूर्य कधीपासून विकायला लागलो?" सुऱ्यांच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'सुर्या' झळकत होतं. आपला तो चंद्रकोरीसारखा आडवा र, ज्याच्यावर सुऱ्या, झाऱ्या, दुसऱ्या असे शब्द टेकलेले असतात, तोही दोन तऱ्हांनी लिहितात. एक ऱ वापरून, दुसरी साधा र, हलन्त आणि त्यापुढे जॉइनर घालून. दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर काढला की र उडून य च्या डोक्यावर जाऊन बसतो.

आता बदलाबदलीचा क्रम असा ठेवलाय: आधी र, हलन्त आणि जॉइनर अशी तिकडी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त. मग सगळ्या जातींचा ॲ एकाच रूपात. उरलेले जॉइनर त्यानंतर गाळायचे. हे फक्त शोधाच्या प्रतीत, दिसणाऱ्या मजकुराला हात लावायचा नाही. सगळ्या मिळून सहा ओळी. गिऱ्हाईक जे टाइप करतं त्यालाही त्याच गाळणीतून जावं लागतं.

फत्ते झाली म्हणून मामाला दाखवायला गेले. चारही तऱ्हांनी ॲल्युमिनियम टाइप केलं, चारही वेळा सगळी पातेली आली. मामाने कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात एक आजी दुकानात आल्या आणि काउंटरवर पिशवी ठेवत म्हणाल्या, "जर्मनचं पातेलं दाखव रे, दोन शेराचं."

मी फोनवर 'जर्मन' टाकून बघितलं. शून्य. जेसनमध्ये 'बोलीतलं नाव' असा एक रकाना वाढवलाय. 'जर्मन'बरोबर 'जर्मल'ही घालायला मामाने सांगितलं आहे.