अडकलेला बीबी कप: आधी दिशा, मग पकड, जोर शेवटी

जुनी स्टीलची सायकल पूर्ण खोलायला घेतली की कॉटर पिन, क्रँक, एक्सल, डावा कप असं सगळं एकेक करून निघतं आणि चेनच्या बाजूचा फिक्स्ड कप तेवढा फ्रेमला धरून बसतो. हा कप म्हणजे बीबीतली (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल जिथे फिरतो तो भाग) बेअरिंगचे छर्रे बसतात ती वाटी. तो बसवतानाच गच्च आवळलेला असतो. त्यात सीटपोस्टच्या फटीतून आत गेलेलं पाणी सीट ट्यूबमधून खाली उतरतं आणि थेट बीबी शेलमध्ये, म्हणजे कप बसतात त्या फ्रेमच्या आडव्या नळीत, साचतं. बसवताना आट्यांना ग्रीस लावलं नसेल, तर काही पावसाळ्यांत गंज कप आणि शेल एकजीव करून टाकतो.

पण तो काढायलाच हवा का, हे आधी ठरवा. आतलं ग्रीस रॉकेलने धुऊन टॉर्च मारून पाहा. छर्रे फिरतात तो पट्टा सलग आणि गुळगुळीत असेल, तर कप आहे तिथेच राहू द्या. फ्रेम रंगवायची असली तरी कप जागेवर ठेवून आतून झाकता येतो, उलट आटे रंगापासून वाचतात. पट्ट्यावर खड्डे पडले असतील किंवा कपाला तडा गेला असेल, तरच तो काढा.

आता दिशा. बहुतेक फ्रेमना बीएसए (ब्रिटिश) मापाचे आटे असतात: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, शेलची रुंदी सहसा ६८ मि.मी. यात चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. म्हणजे सायकलच्या उजवीकडे उभं राहून पाहिलं, तर कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. याला कारण आहे. एक्सल फिरताना छर्ऱ्यांवरून येणारा भार कपाला एक्सलच्या विरुद्ध दिशेने थोडा थोडा सरकवत राहतो. उलट्या आट्यांमुळे त्या सरकण्याने कप सैल न होता आवळलेला राहतो. इटालियन फ्रेममध्ये मात्र दोन्हीकडे सुलटे आटे असतात. तिथे शेल ७० मि.मी. रुंद असतं आणि कपावर बहुधा ३६ x २४ असं कोरलेलं असतं. म्हणून व्हर्निअर (बारीक मोजमापाची पट्टी) लावून शेलची रुंदी मोजा, कपावरचे आकडे घासून वाचा. ‘हलतच नाही’ अशा कित्येक कपांचं दुखणं एवढंच असतं की त्यांना चुकीच्या बाजूला फिरवून आणखी आवळलेलं असतं.

जुन्या रॅले कंपनीच्या सायकलींच्या शेलमध्ये इंचाला २६ आटे असतात. बीएसएचा नवा कप दोन-तीन आटे आत जातो आणि मग शेलचे आटे खातो. त्यामुळे रॅलेचा मूळ कप जपूनच काढा, बदली सहजी मिळत नाही.

तेल बाहेरून फवारून फार उपयोग होत नाही. कपाचं मधलं भोक बुचाने बंद करा, फ्रेम चेनची बाजू खाली करून आडवी ठेवा आणि शेलमध्ये गंज सोडवणारं तेल आट्यांवर चढेल इतकं ओता. रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी कपाच्या कडेवर पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा बोथट दांडा) ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके द्या, पुन्हा तेल घाला.

कपाच्या बाहेरच्या कडेवर समोरासमोर दोन सपाट बाजू असतात, पुष्कळ कपांना ३६ मि.मी.चा पाना बसतो. पण ही कड जेमतेम ३-४ मि.मी. जाड असते, त्यामुळे साधा पाना घसरतो आणि कोपरे गोल होतात. छिन्नी-हातोडीने कड ठोकून फिरवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. मला ती पटत नाही. कप निघाला तर ठीक, नाहीतर पुढच्या उपायासाठी पकडच उरत नाही.

बाकावर पक्का बसवलेला मोठा व्हाइस असेल तर त्याच्यासारखं काही नाही. फ्रेम चेनच्या बाजूने खाली आणा, कपाच्या सपाट बाजू व्हाइसच्या जबड्यात घट्ट आवळा आणि फ्रेमच फिरवा. जबड्यावर लाकूड-रबर नको. बीएसए आट्यांसाठी वरून पाहताना फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरवायची. हात हेड ट्यूब आणि सीट ट्यूबवर ठेवा, मागच्या बारीक नळ्यांवर नको, त्या वाकतात.

व्हाइस नसेल तर सुमारे १६ मि.मी.चा बोल्ट, जाड वायसर आणि नट घ्या. बोल्टचं डोकं शेलच्या आत, त्याखाली स्प्रिंग वायसर. बोल्ट कपाच्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वायसर आणि नट लावा. डावीकडून सॉकेटने डोकं धरून नट कचकचून आवळा, मग डोकं सोडा आणि नट आवळतच राहा. आवळायची आणि कप सुटायची दिशा एकच असल्याने पकड घसरत नाही, आणखी घट्ट होते. इटालियन आट्यांना ही युक्ती चालत नाही, तिथे नटच सुटतो.

तरीही हलत नसेल तर हॉट एअर गनने शेल तापवा, पण आधी तेल पूर्ण पुसून काढा. स्टीलमध्ये ॲल्युमिनियमचा कप असेल तर उष्णता उलटी पडते. ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तिथे कपावर बर्फ लावा.

कप वाचवायचा नसेल तर वेल्डरकडून कपावर मोठा नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज तुटतो आणि पान्याला चांगली पकड मिळते. कप कापायचा झाला तर हॅकसॉ त्याच्या कडक पृष्ठभागावर नुसती घसरते. छोट्या ग्राइंडरच्या डिस्कने आतून दोन चिरा पाडा आणि आट्यांची रेष दिसू लागताच थांबा.

कप निघाल्यावर आटे वायर ब्रशने साफ करा. टॅप (आटे पाडायचं हत्यार) नसेल तर त्याच मापाच्या जुन्या कपाच्या आट्यांत दोन आडव्या खाचा पाडून तो हळूहळू आत-बाहेर फिरवा. नव्या कपाला भरपूर ग्रीस लावा. पहिले तीन-चार आटे हातानेच बसले पाहिजेत. शिमानोच्या सीलबंद बीबीला ५० ते ७० न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं, म्हणजे ३० सें.मी.च्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. फिक्स्ड कपालाही तेवढा द्या. सुटे छर्रे सहसा पाव इंची, प्रत्येक बाजूला ११. डावा कप एक्सल न अडखळता फिरेल इतकाच आवळा. लॉकरिंग (डावा कप जागेवर पक्का धरणारी बाहेरची रिंग) घट्ट करताना कप तिच्याबरोबर फिरतो, तेव्हा तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा.